लहान बगळ्याचे पाय काळे की पिवळे?

प्रश्न असा आहे: लहान बगळ्याबद्दल एका टिपणात 'पाय काळे' असं लिहिलंय, दुसऱ्यात 'पाय पिवळे'. चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. घोळ 'पाय' या शब्दाचा आहे. मराठीत मांडीपासून नखापर्यंत सगळा पायच; 'पाय दुखतो' म्हटलं की गुडघा का घोटा, हे पुढे विचारावंच लागतं. एरवी त्याने काही अडत नाही. या पक्ष्याची ओळख मात्र नेमकी तिथेच आहे: घोट्यापर्यंत पाय काळा, खाली बोटं पिवळी.

मग शब्द कोणता वापरावा? 'पावलं' चुकीचं नाही, पण त्याने चालणं आणि ठसे आठवतात. 'नख्या' नको, कारण त्या म्हणजे नुसती नखं. 'पंजे' चालेल, वाघाला असतो तसा कोंबडीलाही पंजा असतोच. मला स्वतःला 'बोटं' सगळ्यात आवडतं. 'पाय काळे, बोटं पिवळी' असं वाचलं की लिहिणाऱ्याने नीट पाहिलंय याची खात्री पटते.

पाहायला धीर लागतो. बगळा चिखलात उभा असेल तर बोटं दिसतच नाहीत. पण भक्ष्य बिचकून हलावं म्हणून तो एक पाय पुढे करून पाण्यात थरथरवतो, आणि तो पाय वर आला की हळदीत बुडवून काढल्यासारखी बोटं दिसतात. उडताना तर पाय शेपटीमागे ताणलेले असतात, तेव्हा टोकाचा पिवळा रंग लपत नाही.

आता 'लहान' या शब्दाबद्दल. हे जातीचं नाव आहे, माप नव्हे. गायबगळा याच्याहूनही लहान असतो: तो साधारण ५० सेंटीमीटर, हा ६०च्या आसपास. त्यामुळे 'एक लहान बगळा दिसला' एवढ्यावर जात सांगितली की आकार, ते कळत नाही. 'लहान' हे विशेषण विकारी नसल्याने रूपावरूनही काही उलगडत नाही. म्हणून सोबत चोच लिहावी. लहान बगळ्याची काळी आणि सडपातळ, गायबगळ्याची पिवळी आणि आखूड. मध्यम बगळ्याची विणीच्या काळात काळी होऊ शकते, पण त्याची बोटंही काळीच.

मी टिपणात असं लिहीन: 'लहान बगळा, १. चोच काळी, पाय काळे, बोटं पिवळी (उडताना पाहिली).'