कुत्र्याला कपकेक फार आवडतो, अधूनमधून एखादा दिला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या लॅब्रेडॉरला कपकेकचा डबा उघडल्याचा आवाज पुरतो, आणि तो इतका केविलवाणा बघतो की नाही म्हणवत नाही. मला ते अगदी कळतं. आमची चंपीही लॅब्रेडॉरच, २४ किलोची.

त्याची आवड खोटी नाही. कुत्र्याला गोड चव खरोखर कळते (मांजराला कळत नाही, ते जनुकच तिच्यात निकामी आहे). त्यात लॅब्रेडॉरची गोष्ट आणखी वेगळी. साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली आढळलं. त्यामुळे पोट भरल्याचं समाधान त्याला नीट मिळतच नसेल. म्हणून त्याला हावरट म्हणून रागावू नका. पण कपकेकही देऊ नका.

लेकीच्या वाढदिवसाला मी घरी बारा चॉकलेट कपकेक केले होते. दार उघडायला गेले तेवढ्यात चंपीने सहा संपवले, कागदी वाट्यांसकट! बारा कपकेकना मी ५० ग्रॅम कोको पावडर घातली होती, म्हणजे तिच्या पोटात २५ ग्रॅम गेली. कोकोमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ते २० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. चंपीच्या पोटातल्या थिओब्रोमिनचा हिशोब विशीच्या आसपास येत होता. अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो, डॉक्टरांनी औषध देऊन उलटी करवली, कागदही बाहेर पडला. रात्रभर ती धापा टाकत येरझाऱ्या घालत होती आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून होते. हेच वजन आठ किलोचं असतं तर काय झालं असतं, हे मनातून जाईना.

चॉकलेट नसलेला कपकेक विषारी नाही, पण लोणी आणि क्रीम एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ‘शुगर फ्री’ तर त्याहून वाईट. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात धोकादायक इतकी उतरू शकते, पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. माणसाला सोसणारा हा पदार्थ त्याला अजिबात सोसत नाही. डब्यावरचं बारीक अक्षर वाचाच.

आणि आपल्या घरांतला मोठा धोका मला कपकेकपेक्षा प्रसादाच्या शिऱ्यात वाटतो. बेदाणे! द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील ते आधी सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेही भोवतात. ‘आमचा मोती वर्षानुवर्षं खातोय’ हे ऐकून विश्वास ठेवू नका. आमच्या सासूबाईंचं म्हणणं असायचं, मुक्या जनावराला प्रसाद नाही म्हणू नये. भावना चांगलीच होती, म्हणून वाद न घालता मी त्यांच्या हाती उकडलेल्या रताळ्याची फोड दिली. आता शिरा ढवळताना त्या स्वतःच आठवण करतात, ‘चंपीचं रताळं लावलंस का?’

तुम्हीही तेच करून बघा. रताळं, गाजर, बिया काढलेलं सफरचंद, केळ्याची एखादी चकती. वाढदिवसाला रताळं कुस्करून अंडं घालून वाफवा, वर घट्ट दही लावा. हे सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा, लॅब्रेडॉर फार लवकर सुटतो.

चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी वगैरे पाजू नका. वेष्टन उचला, किती खाल्लं आणि त्याचं वजन किती ते डॉक्टरांना फोनवर सांगा आणि निघा. लक्षणं दिसायची वाट पाहू नका.