घराच्या परसात दुर्बीण लावून खरंच काही दिसतं का, की पैसे पाण्यात?

दिसतं. पण 'फोटोतल्यासारखं रंगीत' दिसेल असं वाटत असेल, तर तसं नाही दिसत. हे आधी ठाऊक नसलं की दुर्बीण दोन महिन्यांत माळ्यावर जाते. मी एका रात्रीचं सांगतो, त्यावरून तुम्हीच ठरवा.

आमचं घर सासवडजवळ. वायव्येला पुण्याचा उजेड चढलेला असतो, पण पूर्व-दक्षिण बऱ्यापैकी काळी. दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन. १५० मिमीचा आरसा, १२०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे पडते तिथपर्यंतचं) आणि खाली लाकडी फिरतं खोकं. मोटरबिटर काही नाही. (हा प्रकार लोकांपर्यंत नेणारा जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेच्या मठात साधू होता आणि भंगारातल्या काचा घासून आरसे करायचा. त्यामुळे दिसायला ती गरीबच असते.)

गेल्या पौषात, अमावस्या जवळ आलेली असताना, साडेसहालाच नळी तुळशीमागे नेऊन ठेवली. गच्चीवर मी नेत नाही. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, रात्री त्याची ऊब वर येत राहते आणि ग्रह पाण्यात पडल्यासारखा हलतो. आरशालाही बाहेरच्या हवेइतकं गार व्हायला पाऊण तास तरी द्यावा लागतो.

आधी शनी, कारण तो लवकर मावळणार होता. शेजारचा सहावीतला मुलगा डोळा लावून म्हणाला, "काका, कडी कुठायत?" मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, म्हणजे ती आपल्याला नुसत्या धारेवरून दिसायला लागली, म्हणून त्या रात्रीही ती अगदी बारीक होती. गोळ्यातून सुई आरपार घातल्यासारखी. त्याचा विरस झाला. मला मात्र ती सुई फार आवडते.

गुरू पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ झगझगत होता. १० मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की १२० पट मोठं दिसतं, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे ग्रह दीड मिनिटात चौकटीबाहेर जातो. सारखी बोटाने नळी ढकलायची. पट्टे दोन ठळक दिसले, पण चार मोठ्या चंद्रांपैकी तीनच. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर गुरूच्या कडेला चिकटून चौथा ठिपका! तो मागून बाहेर आला होता. मुलाला कड्यांचं दुःख तिथेच विसरायला झालं.

खरा वेळ गेला तो मृगात. बाणाच्या, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या, खाली जो धूसर ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, साधारण १३०० प्रकाशवर्षांवरचा. २५ मिमीच्या नेत्रिकेत पहिल्या मिनिटाला नुसता वाफेचा डाग. तेवढ्यात कुणीतरी परसामागचा एलईडी लावला आणि अंधाराला सरावलेले डोळे गेले. पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं थांबणं आलं. दिवा बंद झाल्यावर डोक्यावरून चादर घेऊन बसलो. सरळ न बघता जरा बाजूला नजर ठेवली, तेव्हा डागाला पंख फुटायला लागले. एक पंख दुसऱ्यापेक्षा लांब, मधे काळी खाच, आणि खाचेच्या तोंडाशी चार तारे खिळे ठोकल्यासारखे. रंग विचाराल तर राखाडी, फार तर हिरवट झाक. गुलाबी-जांभळं कॅमेऱ्याला दिसतं. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. एवढ्या एका मेघावर मी तास घालवला. एका रात्रीत वीस वस्तू उरकणाऱ्यांचं मला काही कळत नाही.

घ्यायच्या आधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडचे असाल तर खगोल मंडळ वांगणीला रात्रीचे कार्यक्रम करतं. आणि स्टँड डुगडुगणारी, डब्यावर '६७५ पट' अशी फुशारकी छापलेली दुर्बीण कुणी फुकट दिली तरी विचार करा.

साडेबाराला तेजोमेघ अचानक फिका पडला. मला वाटलं ढग आले. टॉर्च मारून बघतो तर नेत्रिकेवर दव. केस वाळवायचं यंत्र घेऊन स्वयंपाकघरातून वायर ओढत होतो, तर आई आतून ओरडली, "आधी डोक्याला काहीतरी बांध!" डोक्याला मफलर गुंडाळून परत आलो, तोवर नळीच्या तोंडाशी असलेला छोटा आरसाही पांढरा झाला होता.