वाचकांचे प्रश्न : चालण्याच्या शर्यतीतली ड्रिस्बिओटी

प्रश्न : ग्रीसच्या अँटिगोनी ड्रिस्बिओटीने ३८व्या वर्षी एकाच युरोपियन स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळवली म्हणे. या वयात हे कसे जमते? — एक वाचक, सातारा

बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२२, म्युनिक. आधी ३५ किलोमीटर २ तास ४७ मिनिटांत आणि त्याच आठवड्यात २० किलोमीटर १ तास २९ मिनिटे ३ सेकंदांत. म्हणजे लांबच्या शर्यतीत किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे ४६ सेकंद, जवळच्या शर्यतीत ४ मिनिटे २७ सेकंद. हा वेग धावून टिकवतानाही बऱ्याच हौशी धावपटूंची दमछाक होते.

या खेळात अचानक उसळी घेण्याची ताकद फारशी लागत नाही. लागते ती कमरेची लवचीक फिरत आणि मिनिटाला २००च्या आसपास पावले तासन्‌तास एकसारखी टाकण्याची सवय. ही सवय अंगात मुरायला वर्षे जातात, म्हणून तिशी ओलांडलेले खेळाडू इथे नवलाचे नाहीत. ड्रिस्बिओटीही एका रात्रीत वर आली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २० किलोमीटरला ती आठवी होती. पुढच्याच वर्षी ५० किलोमीटरच्या जागी ३५ किलोमीटर आले आणि हे अंतर तिला मानवले.

आमच्या मते म्युनिकच्या दोन सुवर्णांपेक्षा २०२३च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेतले ३५ किलोमीटरचे कांस्य वजनदार आहे. वेळ २ तास ४३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे म्युनिकपेक्षा ३ मिनिटे ३८ सेकंद कमी, आणि पुढे होत्या फक्त स्पेनची मारिया पेरेझ आणि पेरूची किंबर्ली गार्सिया.

प्रश्न : चालणारे नेमके कशामुळे बाद होतात? — नाशिक

कारणे दोनच. एक, दोन्ही पाय एकाच वेळी जमीन सोडताना नुसत्या डोळ्यांना दिसणे. दुसरे, पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकणे. पंच आधी पिवळी फळी दाखवतो. ती निव्वळ सूचना असते, मोजली जात नाही. लाल कार्ड मात्र खेळाडूला हातात धरून दाखवत नाहीत, ते फलकावर लागते. एक पंच एका खेळाडूला एकच लाल कार्ड देऊ शकतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन झाली, की ज्या स्पर्धेत दंडकक्ष असतो तिथे थांबावे लागते : २० किलोमीटरला २ मिनिटे, ३५ला साडेतीन. चौथे आले की बाद. तिसरे कार्ड इतक्या उशिरा आले की थांबवायला वाव नाही, तर तेवढा वेळ शेवटी जोडतात.

घोळ होतो तो बहुधा दोन ठिकाणी. शेवटच्या टप्प्यात वेग वाढवताना पाय उचलले जातात, आणि मांडीचे मागचे स्नायू थकले की गुडघा वाकतो. ३५ किलोमीटरमध्ये दुसऱ्याचा धोका मोठा.

प्रश्न : ग्रीसची ऑलिंपिक विजेती चालपटू कोण? — पणजी

अथनासिया त्सुमेलेका. अथेन्स २००४, २० किलोमीटर, १ तास २९ मिनिटे १२ सेकंद. रशियाची ओलिंपिआदा इवानोवा अवघे ४ सेकंद मागे राहिली. बीजिंग २००८ला त्सुमेलेका नववी आली, पण नमुन्यात रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे सेरा हे द्रव्य सापडले. तो निकाल रद्द झाला. अथेन्सचे सुवर्ण तिच्याकडेच आहे.

प्रश्न : सराव सुरू केला, तर नडगीच्या पुढच्या बाजूला आग होते. — पुणे

नवशिक्यांना हमखास होते. टाच टेकताना पंजा वर उचलून धरणारा स्नायू या कामाला सरावलेला नसतो. पाऊल आखूड ठेवा आणि पाय शरीराच्या फार पुढे टाकू नका, कारण लांब पावलाने हाच स्नायू जास्त ताणला जातो. सुरुवातीला शर्यतीच्या चालीने १०० मीटर, मग साधे १०० मीटर, असे आलटून पालटून चाला. उतारावर सराव नको. दुखणे हाडाच्या एकाच जागी, दाबल्यावर टोचणारे असेल, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.