स्थानिक संग्रहालयात आरोग्यसेवेचा इतिहास दाखवायला कोणत्या वस्तू मांडाव्यात?

सुरुवात देवीच्या लसीच्या दुतोंडी सुईपासून करा. बोटाएवढी लांब, टोकाला दोन दाते. त्यांच्या मधे लसीचा एकच थेंब धरून राहतो आणि दंडावर भराभर १५ टोचे मारायचे, बस! १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं, त्यात या इवल्याशा सुईचा मोठा वाटा आहे.

शेजारी काचेची सिरिंज आणि ती उकळायची डबी हवीच. जुनी माणसं ती पाहताक्षणी बोलू लागतात. सुईणीची पिशवी, बाळाचं लसीकरण कार्ड हेही मिळवा. दवाखान्याची देणगीपेटी विसरू नका, कारण गरिबाच्या औषधाचे पैसे कुठून यायचे ते तीच सांगते.

आणि वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका. वापराच्या खुणा राहू द्या. प्रत्येक वस्तू कुणी, कुठे वापरली हे देणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या.