पोर्ट दिसतो म्हणून तपासणी टाळणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. वजन कमी व्हावं म्हणून जठराभोवती बँड बसवून घेतलास, वजन उतरलं, कपडे सैल झाले आणि बरगडीखाली डाव्या बाजूला त्या बँडच्या पोर्टचं, म्हणजे त्वचेखालच्या डबीचं, हे टेंगूळ वर आलं. ते दिसू नये म्हणून तू पोटाला घट्ट पट्टा बांधतेस, रात्री बोटांनी ते आत दाबून बघतेस, आणि डॉक्टरांसमोर पोट उघडं करावं लागतं म्हणून बँड घट्ट-सैल (अ‍ॅडजस्ट) करून घ्यायलाही गेली नाहीस. हे शेवटचं तू जाता जाता लिहिलं आहेस, अर्ध्या ओळीत. माझी नजर मात्र तिथेच अडकली. धीराचे चार शब्द तुला इतरांकडून मिळाले असतील, ते मी लिहीत बसत नाही.

मला एकच सांगायचं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. लोकांपासून हवं तर लपव. स्वतःपासून लपवू नकोस.

आधी त्वचेखाली काय आहे ते नीट समजून घे. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं बसवलं आहे आणि त्या कड्याच्या आतल्या बाजूला फुगणारी पोकळी आहे. तिच्यात सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, भरलं की कडं घट्ट होतं, काढलं की सैल. तिथून एक बारीक नळी निघते, पोटाच्या भिंतीतून बाहेर येते आणि या पोर्टला जोडली जाते. पोर्ट म्हणजे साधारण अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीची चपटी डबी. तळ टणक, वर सिलिकॉनचा जाड पडदा. पोटाच्या स्नायूवर जे चिवट आवरण असतं, त्याला ती टाक्यांनी किंवा हुकांनी पक्की केलेली असते. ऑपरेशन झालं तेव्हा तिच्यावर चरबीचा जाड थर होता, तो आता उतरला. डबी होती तेवढीच आहे आणि होती तिथेच आहे.

म्हणून ती दाबून आत जाणार नाही. खाली स्नायू आहे, जाईल कुठे? मालिश करून बसणार नाही. पोटाचे व्यायाम केलेस तर त्या वेळी उलट जास्तच दिसेल, कारण स्नायू ताठ झाला की तो तिला पुढे ढकलतो. आणि पट्ट्याचं म्हणशील तर तो आजच काढ. पोर्टवरची त्वचा आता पातळ झाली आहे. तासन् तास एकाच कडेवर दाब आणि घर्षण बसलं की ती लाल होते, सोलवटते. खाली परकी वस्तू असताना सोलवटलेली त्वचा ही साधी गोष्ट नाही. तिथून जंतू आत गेले आणि पोर्टपर्यंत पोचले तर नुसत्या गोळ्यांवर भागेलच असं नाही, बरेचदा पोर्ट काढावा लागतो. एवढं सगळं कशासाठी, तर कापडावर उंचवटा दिसू नये म्हणून? कमरेची नाडी किंवा बेल्ट पोर्टवर येत असेल तर तो वर-खाली होईल असे कपडे घाल. गाडीतला पट्टा टोचत असेल तर मध्ये मऊ कापड ठेव, पण पट्टा लाव. कपड्यांबद्दल याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आता तपासणीबद्दल. तू जिला घाबरतेस ती तपासणी तुझ्यासाठी आता सोपी झाली आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्याही पोटात बँड आहे. मी जाड होते तेव्हा माझा पोर्ट हाताला लागत नसे. एक्स-रेच्या पडद्याखाली झोपवून शोधावा लागे, सुई एकदा चुके, पुन्हा टोचावी लागे. आता मी उताणी झोपते, डॉक्टर सांगतात, मान आणि खांदे जरा उचला. पोट ताठ होतं, पोर्ट वर येतो, ते दोन बोटांत त्याच्या कडा धरतात आणि सुई सरळ खाली. पडदा भेदताना किंचित दाब जाणवतो, मग टोक तळाला टेकतं आणि डॉक्टरांचा हात थांबतो. सलाइन आत जातं किंवा बाहेर येतं, सुई निघते, वर लहानसा कापूस. उठून बसायचं आणि त्यांच्यासमोर पाणी पिऊन दाखवायचं. संपलं. तुला नकोशी वाटणारी ती गाठ आहे म्हणून हे काम इतकं सरळ होतं.

सुईची एक गोष्ट लक्षात ठेव. पोर्टसाठी वेगळी सुई लागते, ह्यूबर सुई म्हणतात तिला. तिचं टोक असं वळवलेलं असतं की पडद्याचा तुकडा न पडता ती आत शिरते. साध्या इंजेक्शनच्या सुईने पडद्याला भोक राहू शकतं आणि मग सलाइन गळत राहतं. बँडची माहिती नसलेल्या कुणालाही तिथे सुई घालू देऊ नकोस, कितीही घाई असली तरी.

तू विचारतेस, पोर्ट काढून टाकला आणि बँड ठेवला तर? काढता येतो. जंतुसंसर्ग झाला तर तसं करतातही, नळीचं टोक बंद करून आत सोडतात. पण मग बँड कमी-जास्त कसा करणार? सुरुवातीच्या काळात जठराभोवती बसवायचे बँड तसेच होते, एकदा बसवले की बसवले. १९८६ मध्ये लुबोमिर कुझमाक या सर्जनने फुगवता येणाऱ्या बँडला त्वचेखालचा पोर्ट जोडला, तेव्हा कुठे माणसागणिक आणि काळागणिक तो घट्ट-सैल करता येऊ लागला. दुर्बिणीतून तो बसवणं तर १९९३ पासूनचं. कुणाच्या बँडमध्ये चार मिलिलिटर मावतं, कुणाच्या दहा, कुणाच्या चौदा, आणि त्यातला अर्धा मिलिलिटर इकडे-तिकडे झाला तरी घास उतरण्यात फरक पडतो. हे सगळं त्या डबीतून चालतं. दिसते म्हणून ती काढायची, हे मला पटत नाही.

मग जागा बदलून घेऊ का, हा तुझा खरा प्रश्न आहे. इथे मी निःपक्षपाती नाही, ते आधीच सांगते. माझा पोर्ट छातीच्या हाडाखाली आहे. तिथे मुळातच मांस कमी, त्यामुळे तो ठळक दिसतो आणि अंतर्वस्त्राची पट्टी नेमकी त्याच्या कडेवर येते. ऑपरेशनआधी मला कुणी विचारलं नाही की कोणत्या कुशीवर झोपतेस, कपड्यांची पट्टी कुठे येते, काम वाकून करतेस की बसून. मला विचारायला हवं होतं, असं मला आजही वाटतं आणि त्याची बोच गेलेली नाही. चार वाक्यांचं बोलणं होतं, ते झालं नाही आणि त्याचा परिणाम मी रोज अंगावर वागवते. तुलाही कुणी विचारलं नसेल तर तुझा राग रास्त आहे. तो सर्जनला सांग, तोंडावर सांग. मात्र त्यासाठी तिथे जावं लागेल.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला पोर्ट खाली, कमरेच्या बाजूला हलवून देतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. घरचे चिडले, हट्टी म्हणाले. असेन. पण माझा पोर्ट दुखत नव्हता, उलटला नव्हता, सुई नीट लागत होती. चालत्या गोष्टीभोवती पुन्हा चीर घ्यायची, पुन्हा संसर्गाची भीती, नळीला पुन्हा हात लागणार, आणि नवीन जागी तो उलटणार नाही याची हमी कोण देणार? मला हे सगळं फक्त दिसण्यासाठी करायचं नव्हतं. कुणी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. पोर्ट माझ्या बोटांना सापडतो, डॉक्टरांच्या बोटांना सापडतो, मला एवढं पुरतं.

तुझं वय वेगळं आहे, तुला नसेल पुरत. ठीक आहे, करून घे. ऑपरेशन तसं छोटं आहे. पण वजन उतरत असताना नको. आज हलवलास आणि आणखी वजन गेलं तर तो नव्या जागीही वर येईल. वजन स्थिरावू दे. मग विचार: याहून कमी उंचीचा पोर्ट तुझ्या बँडला चालतो का? आणखी खोल बसवला तर सुई लावताना शोधावा लागेल का? नळीची लांबी पुरेल का? आणि एक प्रश्न स्वतःला विचार, तो सर्वांत कठीण आहे. गाठ गेली तर तपासणीला नेमानं जाशील ना? तुझं पत्र वाचून मला शंका येते. मला वाटतं, तू ऑपरेशन केलंस हे कुणाला कळेल म्हणून घाबरतेस आणि गाठ बिचारी त्याचा मार खाते. तसं असेल तर पोर्ट पाठीत नेऊन बसवला तरी तुझी भीती जायची नाही.

कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हा पूर्णपणे तुझा अधिकार. ऑफिसातल्या कुणी विचारलं तर "जुन्या ऑपरेशनचं आहे" एवढं म्हण आणि विषय बदल, ते खोटंही नाही. ज्याच्याबद्दल तू लिहिलं आहेस, त्याला मात्र त्याचा हात तिथे लागायच्या आधी सांग. "वजनासाठी पोटात बँड बसवला आहे, हा त्याचा पोर्ट, दाबू नकोस." भाषण नको, माफी तर अजिबात नको. त्याचा चेहरा कसा होईल याचा विचार तू आत्ताच करते आहेस, ते बंद कर.

घरातल्या एका तरी माणसाला सगळं माहीत हवंच. यात मी ऐकून घेणार नाही. उद्या अचानक घास अडकला, उलट्या थांबेनात, स्वतःची लाळही गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. बँड सरकलेला असू शकतो आणि त्यातलं सलाइन ताबडतोब काढावं लागतं. त्या वेळी समोर असलेल्या डॉक्टरांना बँडची सवय नसेल. तुला बोलता येत नसेल. पोर्ट कुठे आहे, बँड कोणत्या कंपनीचा, आत किती सलाइन आहे, हे कुणीतरी सांगायला हवं. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेव आणि त्याचा फोटो त्या माणसाच्या फोनमध्ये. एमआरआयची वेळ आली तर तिथेही ते कार्ड आधी दाखव.

आता स्वतःपासून न लपवणं म्हणजे काय करायचं ते सांगते. आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहा, उजेड चांगला ठेव आणि बघ. त्वचेचा रंग बघ. मग झोपून दोन बोटं कडेवरून गोल फिरव. जोर नको. वरचा भाग कसा लागतो, टाक्याचा वण कुठे आहे, कोणत्या बाजूला किंचित उतार आहे, हे बोटांना पाठ होऊ दे. मग उभी राहून खोक आणि बघ. खोकताना गाठीशेजारी काही फुगत असेल तर तो हर्निया असू शकतो. पोर्टचा आकार अचानक वेगळा लागला किंवा तो तिरपा झाल्यासारखा वाटला, तर कदाचित उलटला असेल, ते बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसतं. पूर्वीपेक्षा जास्त जेवण जाऊ लागलं आणि भूक परत आली, तर कुठेतरी गळती आहे का ते बघावं लागतं. लाली, ऊब, दुखणं, पाणी किंवा पू, ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन कर. ऑपरेशनला बराच काळ लोटल्यावर पोर्टपाशी संसर्ग झाला तर नुसती वरची जखम बरी करून सोडू देऊ नकोस. बँड जठराच्या भिंतीत रुतत गेला असला तरी पहिली खूण पोर्टपाशी दिसू शकते, म्हणून आतून दुर्बिणीने तपासणी करायला सांग.

यातलं काय काय तुला आज सांगता येईल? तुझ्या पोर्टची कोणती कड उंच आहे? वण लाल आहे की पांढरा? तू घट्ट पट्टा बांधून बसलीस, तुला कुठून माहीत असणार! रागावते आहे, हो. तुझ्याबद्दल माया वाटते म्हणून इतकं लिहिते आहे, पण रागही खरा आहे. लोकांपासून लपव, माझी काही हरकत नाही. मीही सैल कपडेच घालते आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण तुझ्या स्वतःच्या बोटांना तुझा पोर्ट परका असता कामा नये.

बँडच काढून टाकावा का, असंही शेवटी विचारलं आहेस. बँड त्रास देत असेल, सरकत असेल, घास नेहमीच अडकत असेल, तर जरूर काढावा. आता पुष्कळ जणांचे काढतात आणि दुसरं ऑपरेशन करतात. पण काढल्यावर बहुतेकांचं वजन परत चढू लागतं. गाठ दिसते हे एकच कारण असेल तर हा निर्णय आत्ता, पट्टा बांधून आणि तपासण्या चुकवून, घेऊ नकोस.

सोमवारी फोन करून वेळ घे. जाताना कार्ड ने, चुकवलेल्या तपासण्या चुकवल्या म्हणून सांग, कारण देत बसू नकोस. मान उचलायला सांगतील तेव्हा उचल. पट्ट्यामुळे त्वचेवर वळ उठले असतील तर ते तू स्वतःहून दाखव. किती सलाइन निघालं आणि किती भरलं ते विचारून लिहून ठेव, आणि मलाही कळव.

तुझी,
मावशी