पाय मोडला आन् आयडी दुसऱ्याले गेली

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातला. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशीच्या भरवशावर भागत नाही म्हणून दोन वर्षं झाले ऑनलाइन खरेदीचे पार्सल गावोगाव पोचवतो. गाडी आपली, पेट्रोल आपलं, पार्सलमागे पैसे. पोळ्याच्या आधी पावसात गाडी घसरली, पाय फ्रॅक्चर झाला. ठेकेदारानं चौथ्याच दिवशी माही कामाच्या ॲपची आयडी बंद केली आन् रूट दुसऱ्या पोट्ट्याले देला. म्हणते तू आमचा नोकरच नाही. कागद तर एकबी नाही माह्याजवळ. काय करू?

उत्तर: भाऊ, पहिले पाय सांभाळ, प्लास्टर निघायच्या आधी गाडीवर बसू नको.

नोकर नाही असं ठेकेदार म्हणते म्हणून ते खरं होत नाही. हबवर, म्हणजे पार्सल उचलायच्या गोदामात, किती वाजता यायचं, कोणत्या गावाला जायचं, संध्याकाळी कॅश कधी भरायची हे सगळं तोच ठरवत असेल तर तू त्याचा कामगार आहेस असा दावा करता येतो आणि कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मागता येते. यवतमाळच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नको, तोंडी सांगितलेलं तिथंच विरून जाते. आणि कागद नाही कसा? रूटचे व्हॉट्सॲप मेसेज, कॅश भरल्याच्या पावत्या, बँकेत आलेले पैसे, दवाखान्याच्या चिठ्ठीवरची तारीख, हेच तुझे कागद. आयडी बंद झाली की ॲपमधलं काही दिसत नाही, म्हणून जे पोरं अजून हे काम करून राहिले त्यांनी दर आठवड्याला स्क्रीनशॉट काढून ठेवा, हात जोडून सांगते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात गिग कामगार, म्हणजे तुझ्यासारखे पगाराशिवाय कामामागे पैसे घेणारे, आले, ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत भरायची आहे. पण तुझं आजचं दवाखान्याचं बिल त्यातून निघेल असं मी म्हणणार नाही, खोटी आशा कशाला. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी मात्र करून घे, फुकट आहे, आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे.

गाडीचा विमा घरगुती वापराचा असेल तर पार्सल वाहताना झालेलं नुकसान कंपनी नाकारू शकते, पॉलिसी काढून वाच. बँकेतला वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा फ्रॅक्चरला काही देत नाही, पण अपघातात जीव गेला तर घरच्यांना २ लाख मिळतात, तो घे.

अर्जाची पोच मिळाली की मला कळव, ठेकेदाराला द्यायचं पत्र मी लिहून देते.