डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या पचन-शिबिराने खरंच फरक पडतो का, की नुसतं डिटॉक्सचं फॅड आहे?

तुम्ही लिहिलंय की वर्षानुवर्षं पोट फुगतं, नीट साफ होत नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचे म्हणतात, "तुझे मनाचे खेळ आहेत." हे शेवटचं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते.

मी असं शिबिर करून आलेय. फरक पडला, चांगला पडला. फक्त लोक ज्यासाठी तिथे जातात त्यातल्या कशाने तो पडला नाही.

माझी गाडी तुमच्याच रुळावरून चालली होती. पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस (तपासण्यांत काही न सापडताही आतडं त्रास देतं तो विकार) म्हणून सांगितलं, फायबर वाढवा, पाणी प्या, टेन्शन घेऊ नका. इसबगोल घेतलं की पोट आणखी टम्म. तसं सांगितलं की उत्तर ठरलेलं, "मग अजून वाढवा." घरी नणंदबाईंचं निदान त्याहून झटपट होतं. "तुझं सगळं डोक्यात आहे गं, पोटात काही नाही." शिबिर शोधलं त्यांनीच, स्वतःच्या अॅसिडिटीसाठी आणि वजनासाठी. मी सोबत गेले, कारण तिथे पूर्णवेळ डॉक्टर होते आणि प्रवेशाआधी जुन्या रिपोर्टांची फाइल मागवून घेतली होती.

पद्धत मायर घराण्यातली. फ्रान्झ झेवियर मायर (1875–1965) या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी बसवलेली. सकाळी उपाशीपोटी मॅग्नेशियम सल्फेटचं कडूजार पाणी, मग शिळ्या कडक पावाचा तुकडा लगदा होईपर्यंत चावायचा, त्यावर चमचाभर दूध, रोज डॉक्टरांच्या हातचा पोटाचा मसाज आणि संध्याकाळी जवळपास काहीच नाही. यातलं चावणं मला पटलं. घाईने खाणारा माणूस घासाबरोबर भरपूर हवाही गिळतो, ती कमी झाली की ढेकर कमी होतात. बाकीच्यावर मी फार वेळ घालवत नाही.

खरी गोष्ट घडली ती पहिल्या तपासणीत. डॉक्टरीणबाईंनी ब्रिस्टलचा तक्ता पुढे ठेवला, मळाच्या सात प्रकारांच्या चित्रांचा. मी चार नंबरवर बोट ठेवलं, म्हणजे मऊ, गुळगुळीत, अगदी आदर्श. त्यांनी विचारलं, "आणि बसता किती वेळ?" म्हटलं, अर्धा तास, कधी जास्त, आणि उठल्यावरही अर्धं आतच राहिल्यासारखं वाटतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मळ मऊ असताना अर्धा तास कुंथावं लागतंय म्हणजे भानगड आतड्यात नाही, बाहेर पडायच्या वाटेवर आहे. मग त्यांनी हातमोजा घातला, गुदद्वाराची बोटाने तपासणी केली आणि म्हणाल्या, "आता जोर करा." मी केला. "जोर करताय, पण त्याच वेळी आवळताय." दोन मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत रक्त, सोनोग्राफी, कोलोनोस्कोपी सगळं झालं होतं. हातमोजा कुणीच घातला नव्हता.

मळ बाहेर पडायचा तर पोटातून दाब यायला हवा आणि त्याच क्षणी पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू सैल पडायला हवेत. काही जणांचे ते उलट घट्ट होतात. कडी लावलेल्या दारावर मी आतून धक्के मारत होते आणि डॉक्टर सांगत होते, अजून जोरात मारा. फायबरने नेमकं तेच केलं. मालाचं आकारमान वाढलं, वाट तेवढीच राहिली. कॅमेऱ्यात हे दिसत नाही, कारण तिथे जखम नसते, गाठ नसते, नुसता ताळमेळ चुकलेला असतो.

शिबिरातून त्यांनी मला सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी) झाली आणि फुग्याची चाचणी. गुदाशयात साधारण 50 मिलिलिटर पाण्याचा फुगा ठेवतात, तो बाहेर ढकलायचा. बहुतेकांना मिनिटभर पुरतो. माझा फुगा जागचा हलला नाही. त्यावर उपाय बायोफीडबॅक. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ वर चढते, सोडला की उतरते, आणि ती बघत बघत सोडायला शिकायचं. सोबत पायांखाली छोटं स्टूल, श्वास पोटात, नाश्त्यानंतरची ठरलेली वेळ (खाल्लं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, तिचा फायदा घ्यायचा) आणि दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. हे सगळं सावकाश, घरी, फिजिओथेरपिस्टकडे जाऊन-येऊन. शिबिर तोवर कधीच संपलं होतं.

आता नणंदबाई. त्यांचं वजन उतरलं, चेहरा तजेलदार दिसायला लागला आणि पाण्याने आतडं धुण्याच्या यंत्राच्या काचेच्या नळीतून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी "साठलेली घाण" जाताना पाहिली. आजतागायत त्यांचा मुद्दा एकच, खाणं जवळपास बंद असताना जे निघालं ते जुनंच असणार ना? नाही. मळाच्या कोरड्या वजनाचा मोठा भाग जिवाणूंचा असतो, शिवाय चिकट स्राव आणि आतड्याच्या झडलेल्या पेशी. उपाशी माणसाचाही मळ तयार होतो. वर्षानुवर्षं आतड्याला चिकटून बसलेला थर ही विक्रेत्यांची कल्पना आहे. असता तर कोलोनोस्कोपीत रोज दिसला असता. पहिल्या दिवसांत झपाट्याने उतरलेलं वजनही बरंचसं पाण्याचं, कारण शरीरातली साठवलेली साखर आपल्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरून असते आणि ती आधी संपते. त्यांना बरं वाटलं ते झोपेमुळे, रात्रीचं खाणं थांबल्यामुळे आणि दारू बंद असल्यामुळे. हे मी त्यांना सांगितलंय. त्या म्हणतात, "तुला काय कळतंय, तुझा तर त्रास मनाचाच होता." ज्यांचा फुगा हलत नाही त्यांनी मन मोठं करून काय होणार ते मला अजून समजलेलं नाही.

तर तुमचं विचारणं. जा, पण डॉक्टर तासभर बसून ऐकणार असतील तर. बाग, तलाव, गरम पाण्याची कुंडं हे सगळं छान, पण ते सुट्टीत मोडतं. आधी फोन करून विचारा, पहिल्या दिवशी अंगाला हात लावून तपासणी होते का, आणि गरज पडली तर रुग्णालयात पाठवता का. "आमच्याकडेच सगळं होतं" असं म्हणाले तर फोन ठेवा. अन्नाच्या असहिष्णुतेसाठी आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची) रक्ततपासणी विकत असतील तरीही ठेवा. ती तपासणी तुम्ही काय खाता ते दाखवते, काय सोसत नाही ते नाही.

फोडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ तात्पुरते टाळायचा) देणार असतील तर एक लक्षात घ्या. मोनाश विद्यापीठाच्या त्या पद्धतीत कांदा, लसूण, गहू वगैरे बंद करायचा टप्पा काही आठवड्यांचाच असतो. नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि ते काम शिबिर संपल्यावर घरीच होतं. बरेच जण पहिल्याच टप्प्यात कायमचे राहतात आणि खाणं उगाच तोडून बसतात.

मनाचं म्हणाल तर, आतडं आणि मेंदू जोडलेले आहेत हे खरंच आहे. आयबीएसवर संमोहनाचाही उपयोग होतो, 1984 पासून त्यावर अभ्यास आहेत. म्हणजे तुमच्या घरचे अर्धे बरोबर असू शकतात. पण ते म्हणायचा हक्क नीट तपासणी झाल्यावर.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं. मळातून रक्त, आपोआप घटणारं वजन, हिमोग्लोबिन कमी, त्रासाने रात्री जाग, किंवा पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास यातलं काही असेल तर शिबिर राहू द्या, आधी रुग्णालय. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते मॅग्नेशियमचं पाणी अजिबात नाही. गरोदर असाल किंवा कधी खाण्याचा विकार झाला असेल तरीही असल्या जागी जाऊ नका.

गहू सोडायला सांगितलं तर त्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. ती गहू खात असतानाच खरी येते. नणंदबाई शिबिरातून गहू सोडून आल्या, त्यांना बरं वाटतंय, आणि आता तपासायचं तर काही आठवडे रोज गहू खावा लागेल. त्या खाणार नाहीत, आणि आपल्याला सिलिअॅक आहे हे मात्र सगळ्यांना सांगत फिरतात.